डिझेल एसयूव्हीचा पिकअप उशिरा येतोय? टर्बोला हात लावण्याआधी एवढं तपासा

एक्सलरेटर दाबला की गाडी आधी दम खाते आणि मग एकदम झेपावते. ओव्हरटेक करायला बाहेर काढलेली गाडी ऐन वेळी ओढत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर आल्याशिवाय चढ चढत नाही. अशी तक्रार गॅरेजमध्ये सांगितली की पुष्कळदा पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘टर्बो गेला’. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो बदलायचा म्हणजे पाच आकडी खर्च. तो करूनही दम खाणं तसंच राहिलं, अशी उदाहरणं थोडीथोडकी नाहीत, कारण खरा दोष एखाद्या फाटक्या रबरी पाइपात किंवा तुंबलेल्या डिझेल फिल्टरमध्ये होता. म्हणून या लेखाचा सगळा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: आधी मोजा, मग उघडा, आणि टर्बोकडे सगळ्यात शेवटी जा.

लेख मुख्यतः कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जोरदार दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) टर्बो डिझेल इंजिनाच्या कौटुंबिक गाड्यांसाठी आहे. स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, सफारी, हॅरियर, डिझेल क्रेटा, फॉर्च्युनर यांची इंजिनं वेगवेगळी असली तरी हवा आणि डिझेल सिलिंडरपर्यंत पोचण्याचा मार्ग साधारण सारखाच आहे. पेट्रोल आणि ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे.

दोष आहे की इंजिनाचा स्वभाव?

टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. साधारण १५०० आरपीएमच्या खाली हे वायू पुरेसे नसतात, त्यामुळे त्या पट्ट्यात पाय कितीही दाबला तरी थोडा उशीर होणारच. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चाललेली, सात माणसं आणि एसी घेऊन चढ चढणारी गाडी दम खात असेल, तर गिअर खाली घ्या. तो दोष नव्हे. उंचीचाही परिणाम असतो. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरतो आणि टर्बो पुरता फिरायला लागेपर्यंत इंजिनाला तेवढी हवा कमीच मिळते.

तीच गाडी, तोच रस्ता, तेवढीच माणसं, आणि तरीही पूर्वीपेक्षा उशीर होत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: हे एका दिवसात झालं की हळूहळू?

एका दिवसात झालं असेल तर त्याच्या आदल्या दिवसांत काय घडलं ते आठवा. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालं असेल, तर एअर फिल्टरचा डबा नीट बसलेला नसतो, पाइपाची क्लिप सैल राहिलेली असते किंवा एखाद्या सेन्सरचा प्लग अर्धवट लागलेला असतो. अनोळखी पंपावर टाकी भरल्यावर झालं असेल, तर डिझेलमधल्या पाण्याचा संशय घ्या. गाडी काही दिवस एका जागी उभी होती, विशेषतः पावसाळ्यात, तर उंदीर. बोनेटखालच्या उबेला उंदीर येतात आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या व वायरी कुरतडतात. हळूहळू वाढत गेलेला दोष मात्र बहुधा फिल्टर, काजळी, डीपीएफ (सायलेन्सरमधली काजळीची गाळणी) किंवा क्लचचा असतो.

धुराकडेही पाहा. जोर देताना काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला. अशा गाडीत हवेचा पाइप फाटला तरी काळा धूर दिसत नाही, कारण काजळी आतच अडते आणि डीपीएफ भराभर भरतो. म्हणून ‘धूर नाही, म्हणजे हवेचा लीक नाही’ हा जुना हिशेब या गाड्यांना लावू नका.

पाना न उचलता होणारी तपासणी

आधी पायाखालचं मॅट पाहा. रबरी मॅट सरकून एक्सलरेटरच्या खाली गेलं की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. नंतर गाडी इको मोडवर आहे का ते पाहा, कारण त्या मोडमध्ये पेडलला मिळणारा प्रतिसाद मुद्दाम मंद ठेवलेला असतो. टायरमधली हवा तपासा.

मग कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दिवे पाहा. पाय ब्रेकवर नसतानाही दिवे पेटलेले असतील, तर ब्रेक पेडलचा स्विच बिघडलाय. आजच्या गाड्यांत ब्रेक आणि एक्सलरेटर एकाच वेळी दाबले गेल्याचा संदेश संगणकाला गेला की तो सुरक्षेसाठी इंजिनाची ताकद कापतो. स्वस्तातला हा स्विच मोठ्या दुखण्याचं सोंग घेऊ शकतो.

ब्रेक धरून राहिलेत का हेही पाहायचं. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन उष्णता अजमावा, स्पर्श करू नका. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम असेल तर त्या चाकाचा कॅलिपर अडकतो आहे.

शेवटी क्लच. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा भरकन वर जातो पण वेग त्या मानाने वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे. चढावर जळका वास आला की शंका उरत नाही. असं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून क्लचचं काम करून घ्या.

स्कॅनर लावा, पण कोड लगेच पुसू नका

स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचण्याचं, सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं अॅप एवढ्यावर घरच्या घरी पुष्कळ कळतं. कंपनीच्या स्कॅनरइतकी खोली त्याला नाही, पण पहिल्या फेरीला तो पुरतो. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी कोड साठलेले असू शकतात, तेव्हा लावून पाहाच.

पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो खराब झाला असा त्याचा अर्थ होत नाही. दाब कमी का, हे कोड सांगत नाही आणि तिथेच बहुतेक फसगत होते. पी ०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवतो, पी ०४०१ आणि पी ०४०२ ईजीआरकडे (जळालेले वायू थोडे इंजिनात परत सोडणारी यंत्रणा), पी ००८७ रेलमधला डिझेलचा दाब कमी पडल्याकडे, पी २४६३ डीपीएफमध्ये साठलेल्या काजळीकडे आणि पी २१३८ एक्सलरेटर पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी न जुळण्याकडे. मिळालेले कोड आणि त्या क्षणी नोंदलेले आकडे यांचा फोटो काढून ठेवा. कोड पुसून टाकले की पुराव्यासकट सगळं जातं.

आता एक सोपी, पण क्वचितच केली जाणारी चाचणी. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका आणि अॅपमध्ये मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेकमधल्या दाबाचा, आकडा पाहा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्याच हवेचा दाब दिसायला हवा. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर तो १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात साधारण ९५ आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास असतो. पुण्यात उभ्या गाडीत ८० किंवा ११० दिसत असेल, तर सेन्सरच खोटं सांगतो आहे आणि त्या आकड्यावर विसंबून इंजिन डिझेल कमी-जास्त करतं आहे. किल्ली ऑन असतानाच पेडल सावकाश खालपर्यंत दाबा. पेडलचा आकडा कुठेही उडी न मारता सरळ चढला पाहिजे.

रस्त्यावरची चाचणी

ही चाचणी दोघांनीच करायची. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने फोनवर आकडे नोंदवायचे. रस्ता मोकळा आणि सरळ हवा, इंजिन पूर्ण गरम हवं. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला या आणि पाय एकदम पूर्ण दाबून ३५०० पर्यंत जा. पेडल, मॅप, हवेचं प्रमाण आणि रेल प्रेशर, हे चार आकडे अॅपमध्ये रेकॉर्ड करा. दोन-तीनदा करा, म्हणजे एखादा आकडा योगायोगाने आला का ते कळेल.

पेडल पूर्ण दाबलेलं आहे पण मॅप रेंगाळत चढतो आणि १५० किलोपास्कलच्या आसपास अडकतो, तर दोष हवेच्या मार्गात आहे. धडधाकट टर्बो डिझेलमध्ये पूर्ण जोरात हा आकडा साधारण २०० ते २५० पर्यंत जातो, नेमका किती ते इंजिनावर अवलंबून. मॅप झकास चढतो पण रेल प्रेशर मध्येच कोसळतं, तर डिझेलच्या मार्गात शोधा. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना हे प्रेशर २५० ते ३५० बार असतं आणि पूर्ण जोरात इंजिनानुसार १६०० बार किंवा त्याहूनही वर जातं. दोन्ही ठीक असूनही गाडी ओढत नसेल तर पुन्हा क्लच आणि ब्रेककडे वळा. या एका चाचणीने निम्मं इंजिन संशयातून मोकळं होतं. नंतर गॅरेजमध्ये बोलतानाही तुमच्या हातात आकडे असतात.

हवेचा मार्ग

सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात, म्हणून इथे वेळ द्या. इंजिन बंद आणि थंड असू द्या. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, त्यामुळे तिथे हात घालताना किल्ली खिशात ठेवा.

एअर फिल्टर बाहेर काढा. रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात तो पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. पावसाळ्यात तो ओला झालाय का तेही पाहा. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर मारून परत बसवायची पद्धत सगळीकडे आहे. ती सोडा. त्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टर स्वस्त आहे, बदला.

फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्यावर धूळ-तेलाचा थर बसला की तो हवा कमी दाखवतो आणि संगणक डिझेलही कमी सोडतो. खास त्या सेन्सरसाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच तो साफ करा, कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, आतल्या नाजूक भागाला बोट किंवा कापड लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. बीएस-४ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत एक जुनी युक्ती चालते: सेन्सरचा प्लग काढून थोडं अंतर चालवून पाहायचं. पिकअप सुधारला तर सेन्सर संशयित. पण प्लग काढल्यावर अनेक गाड्यांत ईजीआरही बंद होतो, त्यामुळे सुधारणा दिसली की सेन्सर आणि ईजीआर दोन्ही तपासायचे, लगेच नवा सेन्सर घ्यायचा नाही.

आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड पाइप. माझ्या मते उशिरा येणाऱ्या पिकअपचा हा सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार आहे. रबर कडक होऊन फट पडते ती बहुधा खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेला. गाडी उभी असताना ती मिटलेली असते आणि दाब आला की उघडते, त्यामुळे वरवर पाहून ‘पाइप ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो. पाइप हाताने पिळून, वाकवून, टॉर्च लावून पाहा. बाहेरून तेलकट चिकट पट्टा आणि त्यावर धूळ दिसली की तिथून हवा बाहेर पडते आहे. पाइपाच्या आत तेलाचा हलका थर असणं सामान्य आहे, त्याने घाबरू नका. जोर देताना ‘फस्स’ असा आवाज येत असेल तर खात्रीच समजा. तरीही सापडत नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या: पाइपांत दाबाखाली धूर सोडतात आणि गळती जिथे असेल तिथून तो बाहेर येतो. फाटलेल्या पाइपाला टेप गुंडाळून किंवा सोल्युशन लावून चालवू नका, काही दिवसांतच तो सुटतो.

पाइप ठीक असतील तर टर्बोला हुकूम देणाऱ्या भागाकडे या. बऱ्याच एसयूव्हींमध्ये व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असतो. तो कोन एक दांडी बदलते. ही दांडी काही गाड्यांत व्हॅक्यूमवर हलते, काहींत छोट्या मोटरवर. व्हॅक्यूमवाल्या प्रकारात एकाला इंजिन चालू करायला सांगा आणि दांडी पाहा. चालू होताच ती ओढली जाते आणि बंद करताच परत येते. हललीच नाही तर आधी बारीक नळ्या पाहा: कुरतडलेल्या, टोकाला सैल, किंवा उष्णतेने भेगा पडलेल्या. व्हॅक्यूमचा हातपंप असेल तर अॅक्च्युएटरला (दांडी ओढणाऱ्या डबीला) अर्ध्या बारच्या आसपास व्हॅक्यूम द्या. दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. टिकत नसेल तर त्यातला रबरी पडदा (डायफ्राम) फाटलाय, अडखळत असेल तर पात्यांमध्ये काजळी आहे, आणि सगळं ठीक असूनही गाडी चालताना हलत नसेल तर सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-थांबवणारा विजेवरचा वाल्व) किंवा त्याची वायर. याच व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टरही चालतो. ब्रेक पेडल कडक लागत असेल आणि पिकअपही गेला असेल, तर मुख्य पंप किंवा मुख्य नळी तपासा, आणि ते होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

ईजीआर वाल्व काजळीने उघडा अडकला की जळालेले वायू नको तेव्हा इंजिनात परत येतात आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. पाय पूर्ण दाबलेला असताना ईजीआर बंद असायला हवा, ते स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणीच्या आकड्यांत, दिसतं. वाल्व काढून साफ करता येतो आणि बसवल्यावर अनेक गाड्यांत स्कॅनरने त्याची बंद-उघड स्थिती पुन्हा शिकवावी लागते. पत्रा लावून ईजीआर कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. प्रदूषण वाढतंच, शिवाय बीएस-६ गाडीचा संगणक ते लगेच ओळखतो आणि ताकद आणखी कापतो.

डिझेलचा मार्ग

रेल प्रेशर पडत असेल तर सुरुवात डिझेल फिल्टरपासून. तळाच्या स्क्रूमधून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि स्थिर होऊ द्या. पाणी असेल तर ते खाली बसून वेगळा थर दिसतो. तसं दिसलं तर बाटली आणि पंपाची पावती दोन्ही जपून ठेवा, आणि इंजिन चालू न करता गाडी टो करून न्या. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पाण्याने तो आणि इंजेक्टर दोन्ही जातात. याच कारणाने नवा फिल्टर टाकल्यावर हँड प्रायमरने किंवा गाडीच्या पद्धतीप्रमाणे डिझेल भरून हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नका. पारदर्शक नळीत बुडबुडे सतत दिसत असतील तर कुठल्या तरी जोडातून हवा आत ओढली जाते आहे.

फिल्टर नवा, हवा नाही, तरी प्रेशर पडतंय, तर इंजेक्टरांची लीक-ऑफ टेस्ट सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावतात आणि जिची पातळी इतरांपेक्षा खूप वर जाते तो इंजेक्टर झिजलेला. हे काम जाणत्या फिटरचंच आहे. इंजिन चालू असताना रेलची किंवा इंजेक्टरची नळी घरी कधीही सैल करू नका. शेकडो बारच्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते आणि बाहेरून लहानशी वाटणारी जखम हात गमावण्यापर्यंत नेऊ शकते. असं कधी झालंच तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

डीपीएफ भरला असेल तर

रोज चार-पाच किलोमीटर शाळा आणि बाजार एवढीच ज्या डिझेल एसयूव्हीची धाव, तिच्यात डीपीएफ भरणं ठरलेलं. काजळी जळायला आत सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि शहरातल्या वाहतुकीत ते टिकत नाही. डीपीएफचा दिवा पेटल्यावर महामार्गावर ६० च्या वर, थोडा खालचा गिअर ठेवून, २० मिनिटांच्या आसपास सलग चालवा. मध्येच गाडी बंद करू नका आणि लगेच वाळल्या गवतावर उभी करू नका. दिवा लुकलुकू लागला किंवा गाडी लिंप मोडमध्ये गेली (संगणकाने ताकद कापली) तर मात्र स्कॅनरने सक्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करावं लागतं. त्याआधी इंजिन ऑइलची डिपस्टिक पाहा. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी खुणेच्या वर चढते. तसं असेल तर ऑइल बदला, आणि ते डीपीएफसाठीचं कमी राखेचंच हवं. वारंवार भरत असेल तर डीपीएफला दोष देण्याआधी त्याच्या दाब-सेन्सरच्या दोन नळ्या आणि वर सांगितलेला हवेचा मार्ग तपासा.

पेट्रोल किंवा ऑटोमॅटिक असेल तर

पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडीतली काजळी, जुने स्पार्क प्लग आणि कमजोर इग्निशन कॉइल ही पहिली तीन नावं. जोर देताना इंजिन धडधडत मिस होत असेल तर कॉइल-प्लगपासूनच सुरू करा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचे आकडे चोख असूनही उशीर होत असेल, तर गिअरबॉक्सचं ऑइल आणि त्याचे कोड तपासायचे. ड्युअल क्लचच्या गाड्या लांबलचक कोंडीत तापल्या की अडखळतात. पेडलवर तरंगत पुढे सरकण्यापेक्षा पुढे पुरेशी जागा झाल्यावरच निघा.

आता टर्बो

इथवर सगळं निर्दोष निघालं आणि दाब तरीही येत नसेल, तेव्हाच टर्बोचा हवेच्या बाजूचा पाइप काढा. थंड इंजिनात बोटाने मधला शाफ्ट हलवा. आडवा अगदी किंचित हालतो ते चालतं. पाती घराला घासतात, कडा खाल्लेल्या दिसतात, शाफ्ट आत-बाहेर हलतो किंवा सायरनसारखा आवाज वाढत चाललाय, तर टर्बो खरंच गेला. मग तो का गेला ते विचारा. ऑइल पुरवणारी नळी काजळीने तुंबली असेल आणि ती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही जाईल. नळी, ऑइल आणि फिल्टर बदलणं आणि इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल काढणं हे त्याच कामाचा भाग म्हणून बिलात लिहून घ्या.

गॅरेजमध्ये ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. ‘तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबल्यावर मॅप १५० च्या वर जात नाही, रेल प्रेशर ठीक आहे, पेडल पूर्ण दिसतंय’ असं सांगा आणि रेकॉर्डिंग दाखवा. कोणता भाग कोणत्या चाचणीवरून बदलायचा ठरला ते विचारा आणि काढलेला जुना भाग परत मागा. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडे चढलेले दिसले तर ते तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी जरा जरी मरगळली तरी ताडून पाहायला तुमच्याच गाडीचे निरोगी आकडे हाताशी असतील.